नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को : साइट म्हणते १५ तास, तिकीट म्हणतं २६. खोटं कोण बोलतंय?

मेघना_धंतोली (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. आई (६८) आणि बाबा (७३) जानेवारीत भावाकडे सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला जाणार आहेत. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. बाबा निवृत्त लेखापाल, त्यामुळे सगळं वहीत मांडून ठेवलंय. दोन विमानतळांमधलं अंतर सांगणाऱ्या एका साइटवर त्यांनी नागपूर–सॅन फ्रान्सिस्को टाकलं. उत्तर आलं साधारण १३,१०० किमी, उड्डाणाचा वेळ पंधरा तासांच्या आत. तिकिटं बघायला बसलो तर २४, २६, ३१, आणि एक तर ३८ तासांचं!
बाबांचं म्हणणं, "१३,१०० ला ९०० नं भाग, साडेचौदा येतात. उरलेले तास कोणाच्या खिशात गेले?"
भर म्हणजे एका तिकिटावर दिल्लीहून निघण्याची वेळ पहाटे ४ आणि पोहोचण्याची सकाळी ६.३०, तारीख तीच. आईनं विचारलं, "अडीच तासांत पोचते तर मग एवढे स्वेटर काहून घेऊन राहिलो आपण?"
तर प्रश्न दोन. हिशेब कुठे चुकतोय? आणि वयस्कर माणसांसाठी दिल्ली, मुंबई की दोहा?

तर्री_पोहे
काकू रॉक्स! त्यांचाच हिशेब बरोबर आहे, बाकी सगळे भैताड.

निखिल_मनीषनगर
वेळ ही त्या-त्या गावची असते. जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे. पहाटे ४ ला निघून १६ तास उडालं की आपल्याकडे रात्रीचे ८ वाजलेले असतात, त्यातून साडेतेरा वजा करा, सकाळचे ६.३०. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात, मग फरक साडेबाराचा होतो. काका-काकू मार्चनंतर परतणार असतील तर वहीत तेही लिहून ठेवायला सांगा.

झिरोमाइल_झिंदाबाद
अंतर कुठून मोजलंय ते आधी पाहा. नागपूरचं अंतर सीताबर्डीतल्या झिरो माइलच्या खांबापासून धरतात. तिथून सोनेगावचा विमानतळ वेगळा.

भूगोल_बाई
@झिरोमाइल, नाही हो. विमानाचं अंतर विमानतळाच्या ठरलेल्या संदर्भबिंदूपासून धरतात. चार घोडे आणि खांब शेजारी असल्यामुळे सगळ्यांना तो देशाचा मध्य वाटतो, पण तिथला दगड त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला उंचीचा मानबिंदू आहे. त्याच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे, १०२०.१७१ फूट. विमानतळ १,०३३ फुटांवर. म्हणजे सीताबर्डीहून सोनेगावला जाताना आपण जेमतेम १३ फूट चढतो.

आता मूळ प्रश्न. मी तेवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. मुलांना विचारायचे, नागपूरहून अमेरिकेला जायचं तर विमान कुठल्या दिशेला तोंड करेल? सगळा वर्ग भिंतीवरच्या नकाशाकडे बघून डावीकडे बोट दाखवायचा. मग मी पृथ्वीगोल काढायचे आणि दोरा. एक टोक नागपूरवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणायचा. तो अरबी समुद्राकडे जातच नाही! सरळ वर, किंचित उजवीकडे झुकून निघतो. तिबेट, चीन, सायबेरिया, मग ७२ अंश उत्तरेपर्यंत आर्क्टिकच्या काठाला जाऊन अलास्कावरून खाली उतरतो. हे बृहद्वृत्त, गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता. साइटवरचे १३,१०० किमी म्हणजे हा ताणलेला दोरा.

घरी करून पाहायचं तर ३० सेंमी व्यासाचा गोल घ्या. त्याचा घेर साधारण ९४ सेंमी आणि पृथ्वीचा घेर ४०,००० किमी, म्हणून १ सेंमीला सुमारे सव्वाचारशे किमी. दोरा ३१ सेंमीच्या जरा आत भरायला हवा.

तर्री_पोहे
धाग्यावर धागा ताणल्याबद्दल बाईंना एक प्लेट तर्री पोहे माझ्याकडून.

सोनेगाव_टॉवर
बाईंनी दोरा छान ताणला. पण त्या दोऱ्यावरून विमान नेता येत नाही, आणि काकांचे तास तिथेच गळतात. हवाई वाहतूक नियंत्रणात नोकरी झाली, म्हणून थोडं लांबण लावतो.

एक, नागपूरहून थेट विमानच नाही, त्यामुळे १३,१०० हा आकडा कोणाच्या कामाचा नाही. आपण तुकडे जोडतो. नागपूर–दिल्ली ८५५ आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,४००, बेरीज सव्वातेरा हजार. थेट दोऱ्यापेक्षा फक्त सव्वाशे किमी जास्त, कारण दिल्ली त्या दोऱ्याच्या शेजारीच आहे. मुंबईमार्गे सुमारे १४,२००. दोहामार्गे नागपूर–दोहा २,८४० आणि पुढे जवळपास १३,०००, म्हणजे १५,८०० च्या वर.

दोन, वारा. ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी जेट स्ट्रीम असते. हिवाळ्यात तिचा जोर ताशी २०० किमीच्या वर सहज जातो. विमानाचा वेग हवेच्या संदर्भात असतो, जमिनीच्या नाही. हवाच पुढे सरकत असेल तर फुकटची लिफ्ट, समोरून येत असेल तर उलटा टोल. २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अटलांटिकवरून १३,९०० किमी पडायचे, पॅसिफिकवरून १५,३०० पडले. तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, जुन्या रस्त्यापेक्षा सुमारे दोन तास आधी! १,४०० किमी जास्त जाऊन वेळ कमी. काकांच्या ९०० नं भागण्यात हा वारा बसत नाही.

तीन, बंद आकाश. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांसाठी हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांना गुजरात आणि अरबी समुद्रावरून वळसा पडला. उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना व्हिएन्नाला उतरून इंधन भरावं लागलं. २०२२ पासून रशियाचं आकाश अनेक पाश्चात्त्य कंपन्यांना बंद. साइट यातलं काहीच धरत नाही. तिला अक्षांश-रेखांश कळतात, युद्ध कळत नाही.

चार, तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. विमान जागेवरून ढकललं की घड्याळ सुरू, पलीकडे जागेवर थांबलं की बंद. याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीकडे सरकणं, रांग, उतरण्याआधी घिरट्या, सगळं त्यात. वर कंपन्या थोडी गादीही घालतात, म्हणजे उशिरा निघूनही 'वेळेवर पोचलो' म्हणता येतं.

पाच, सगळ्यात मोठा चोर : मधला मुक्काम. ३८ तासांच्या तिकिटात विमान काही जास्त उडत नाहीये. काका-काकू खुर्चीवर बसून राहणार आहेत.

रेवती_पुणे
मुंबईमार्गेच जा. पर्याय जास्त. आम्ही पुण्याहून तसंच जातो.

फुटाळ्याचा_फ
पुण्याहून मुंबईला जायलाच जेवढा वेळ लागते, तेवढ्यात आम्ही दोह्याला पोहोचून वुजू (नमाजाआधी हातपाय धुणं) करायची जागा कुठं ते विचारून राहतो.

रेवती_पुणे
@फुटाळ्याचा_फ, द्रुतगती मार्गावरच्या कोंडीबद्दल बोलत असाल तर निमूटपणे मान्य. :)

अरविंद_आठरस्ता
एक प्रामाणिक शंका, हसू नका. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग हेलिकॉप्टर सोनेगाववर अधांतरी उभं केलं तर बारा तासांनी अमेरिका आपोआप खाली यायला नको का?

तर्री_पोहे
धागा वाचनखुणेत साठवला आहे.

भूगोल_बाई
हसणार नाही, दर वर्षी एक तरी मूल हे विचारायचंच. नागपूरच्या अक्षांशावर जमीन ताशी साडेपंधराशे किमीच्या वर वेगानं पूर्वेला जाते. हवाही तिच्यासोबत फिरते, आणि जमिनीवर उभं हेलिकॉप्टरही. वर उचललं तरी तो वेग सुटत नाही. चालत्या रेल्वेच्या डब्यात तुम्ही उडी मारली तर मागच्या डब्यात पडत नाही ना, तसंच. पडला असता तर गीतांजलीत जनरलवाले उड्या मारत एसीत पोचले असते.

अरविंद_आठरस्ता
बाई, दंडवत.

कस्तुरी_वर्धारोड
मेघनाताई, मी गेल्या पाच वर्षांत सासूबाईंना तीनदा आणलं-पाठवलं. एकदा दिल्लीमार्गे, दोनदा दोहामार्गे. अनुभव सांगते.

दिल्ली कागदावर छान दिसते. पण जानेवारीत दिल्लीचं धुकं म्हणजे रोजचं मरण. पहिल्या वेळी आम्ही पैसे वाचवायला नागपूर–दिल्ली वेगळ्या कंपनीचं, वेगळं तिकीट काढलं होतं. नागपूरहूनच विमान साडेचार तास उशिरा निघालं. पुढचं विमान डोळ्यांदेखत गेलं. वेगळं तिकीट असल्यामुळे दोन्ही कंपन्यांनी हात वर केले, आणि सासूबाई दिल्लीच्या हॉटेलात एकट्या. त्या रात्री मला झोप नाही. त्यांनी मात्र शेजारच्या खोलीतल्या जळगावच्या बाईंशी मैत्री केली आणि सकाळी फोनवर मला भरताची कृती सांगितली.

तेव्हा एकच सांगणं : नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को सगळं एकाच तिकिटावर घ्या. विमान चुकलं तर पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची राहते. आणि चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवा. काका नाही म्हणतील. सगळे काका नाही म्हणतात. पण ती खुर्ची चालता येत नाही म्हणून घ्यायची नसते, ढकलणारा माणूस रांगा आणि रस्ते ओळखतो म्हणून घ्यायची असते.

मेघना_धंतोली
@कस्तुरी, अगदी! बाबा म्हणाले, "मी अजून अंबाझरीला तीन फेऱ्या मारतो."

निखिल_मनीषनगर
तासांत बोलायचं तर दिल्लीमार्गे पावणेदोन तास + थांबा ६ + १६, म्हणजे २४ च्या आसपास. दोहामार्गे साडेचार + थांबा ३ + १६, म्हणजे साडेतेवीस. अंतर अडीच हजार किमीनं जास्त असूनही दोहा हरत नाही. थांबा किती हेच बघा. मात्र थांबा दोन तासांच्या खाली असेल तर घेऊ नका.

सोनेगाव_टॉवर
बरोबर. शिवाय दोन्हीकडे शेवटचा टप्पा थेट सॅन फ्रान्सिस्कोला आहे. न्यूयॉर्क किंवा शिकागोला उतरून पुढे जाणारं तिकीट असेल, तर अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन, बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टममधून न्यायच्या, पुन्हा द्यायच्या. पहिल्यांदा जाणाऱ्यांना ते नको. अबुधाबीला अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच उरकते, तीही सोय काहींना आवडते.

फुटाळ्याचा_फ
हे सगळं ठीक आहे, पण नागपूरहून थेट अमेरिका काहून नाही? मिहान म्हणजे आपला विमानतळाचा प्रकल्प, त्याच्या नावातच आंतरराष्ट्रीय हब आहे ना राजेहो. देशाच्या मधोमध आपण, आणि सारे आपल्या डोक्यावरून उडून राहिले!

सोनेगाव_टॉवर
डोक्यावरून उडतात हे शंभर टक्के खरं. आग्नेय आशिया आणि आखात-युरोप यांच्यातली बरीच विमानं नागपूरच्या नियंत्रणकक्षाशी बोलूनच पुढे जातात. एखाद्या प्रवाशाची छाती दुखायला लागली की बरेचदा इथेच उतरवतात. पण ते उतरणं नाइलाजाचं.

थेट अमेरिकेला रोज तीनशे माणसं भरली पाहिजेत, हा पहिला अडसर. दुसरा आपला मे महिना. धावपट्टी ३,२०० मीटर, तशी चांगली आहे. पण ४५ अंशांत हवा विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. १३,००० किमीचं इंधन पोटात घेतलेलं विमान भर दुपारी उचलायचं तर माणसं किंवा सामान खाली ठेवावं लागेल. म्हणून उष्ण देशांतली लांबची विमानं बरेचदा रात्री सुटतात.

दादाजींचा_नातू
फ भाऊ, हब आपण होतो की! माझे आजोबा डाकखात्यात होते. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांनी डाकोटा विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्रीनंतर सोनेगावला जमायची. इथे थैल्यांची अदलाबदल. मुंबईची थैली कलकत्त्याच्या विमानात, मद्रासची दिल्लीच्या. मग चौघं आपापल्या गावी परत, उजाडायच्या आत. प्रवासीही असायचे, तेही इथेच विमान बदलायचे. आजोबा सांगायचे की थंडीत धावपट्टीजवळ चहाच्या किटलीभोवती मद्रासचा वैमानिक आणि कलकत्त्याचा कारकून एकत्र उभे दिसायचे, आणि कोणाला कोणाची भाषा कळायची नाही.
अमेरिकेत मेम्फिसला रात्री सगळी पार्सलं एका गावी आणून वाटायची पद्धत फेडेक्सनं १९७३ मध्ये सुरू केली, तिचं केवढं कौतुक. आपल्याकडे ते चोवीस वर्षं आधी चालू होतं.

झिरोमाइल_झिंदाबाद
हे माहीतच नव्हतं! यावर वेगळा धागा काढा, दादा.

रेवती_पुणे
+१. आणि हे वाचून मुंबईचा आग्रह मागे घेते.

अरविंद_आठरस्ता
अवांतर : नागपूरहून सगळ्यात लांबचा विमानतळ कोणता असेल?

भूगोल_बाई
नागपूरच्या पायाखालून सरळ भोक पाडलं तर बाहेर निघाल पॅसिफिकमध्ये, २१ दक्षिण, १०१ पश्चिमच्या आसपास. नुसतं पाणी. त्या बिंदूपासून नैऋत्येला हजारेक किमीवर ईस्टर बेट. त्यावर विमानतळ आहे, त्यामुळे तो आपल्यापासून सुमारे १९,००० किमी. पृथ्वीवर कुठलीच जागा २०,००० किमीच्या फार पुढे असूच शकत नाही, कारण तिथून रस्ता परत जवळ यायला लागतो.

तर्री_पोहे
म्हणजे सासरवाडी जास्तीत जास्त २०,००० किमी. नोंद घेतली.

डॉ_रामदासपेठ
काका-काकूंसाठी दोन ओळी. सोळा तास एका जागी बसू नका, दीड-दोन तासांनी मधल्या वाटेत चालून या, पाणी पीत राहा. रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या हाताच्या पिशवीत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. गोळ्यांच्या वेळा नागपूरच्या घड्याळाप्रमाणे की तिथल्या, हे निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. पायांवर पूर्वी गाठ झाली असेल तर दाबाचे मोजेही त्यांनाच विचारून.

मेघना_धंतोली
सगळ्यांचे आभार. धाग्याची प्रिंट काढून बाबांना दिली. त्यांनी टॉवर काकांच्या पाच मुद्द्यांसमोर पेन्सिलनं टिकमार्क केलेत आणि 'वारा' खाली दोन रेघा. दोहामार्गे एकाच तिकिटाचं ठरलं, थांबा साडेतीन तास. खुर्चीवर वाटाघाटी चालू आहेत. आईला भावासाठी संत्री न्यायची आहेत.

कस्तुरी_वर्धारोड
संत्री अजिबात नको! ताजी फळं नेऊ देत नाहीत, विमानतळावर काढून घेतील. संत्रा बर्फी न्या, पण फॉर्ममध्ये किंवा विचारल्यावर खाण्याचे पदार्थ आहेत असं सांगून टाका.

मेघना_धंतोली (जानेवारी, तिसरा आठवडा)
पोहोचले! बाबांची वही फोटो काढून आलीय, जशीच्या तशी देते. धंतोलीच्या घराचं कुलूप लागलं ते फ्रीमाँटला भावाच्या घराची बेल वाजली, एकूण २९ तास १० मिनिटं. त्यात हवेत १९ तास ५५. उरलेले सव्वानऊ तास : टॅक्सी, विमानतळावर लवकर जाऊन बसणं ("मेघनामुळे", असं कंसात), दोहा, इमिग्रेशनची रांग, भावाला गाडी कुठे लावली ते न सापडणं ("२५ मि.").
खुर्ची आईनं घेतली. बाबा सोबत चालत गेले आणि म्हणे खुर्चीवाल्याच्या मागे धावता धावता दम लागला.
आता बाबांनी नातवाच्या पृथ्वीगोलावर दोरा लावून मोजलंय. गोल बरोबर ३० सेंमीचा. आले २९ सेंमी, म्हणजे सव्वाबारा-साडेबारा हजार किमी. त्यांचं म्हणणं, साइट सातशे-आठशे किमी वाढवून सांगते.

भूगोल_बाई
काकांना विचार, दोरा कशाचा होता? काकूंच्या विणकामातली लोकर घेतली असणार. गोलावर ताणून लावली, आणि पट्टीवर मोजताना सैल सोडली.

मेघना_धंतोली
लोकरच होती. स्वेटरची.